दालनातल्या पोथ्या बदलताना : एका छोट्या वाचनालयाचा अनुभव

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक छोटं संग्रहालय-दालन आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वाचनालय शंभरी ओलांडलेलं, आणि लोकांनी वेळोवेळी आणून दिलेल्या पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), जुनी छापील पुस्तकं असा बऱ्यापैकी ऐवज. त्यातलं निवडक काचेच्या कपाटांत मांडलेलं. गंमत म्हणजे दालनाचं उद्घाटन झालं तेव्हा जे मांडलं तेच परवा-परवापर्यंत तसंच होतं, त्याच पानावर उघडं. ते बदलायचं आणि पुढेही ठराविक काळाने बदलत राहायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी सहायक ग्रंथपाल, बी.लिब. झालंय, पण संग्रहालयाचं शिक्षण नाही. पहिल्या दोन फेऱ्या नीट पार पडल्यात, तर तुमच्याकडे असं काही असेल आणि सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर वाचा.

ऑगस्ट २०२४. गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती. एका कपाटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं कापडी बांधणीचं पुस्तक बंद करून ठेवलेलं, त्याच्या मुखपृष्ठावरच माहितीचं कार्ड टेकवलेलं. कार्ड उचललं तर खाली गडद हिरवा चौकोन, आणि बाकी सगळं पुस्तक मातकट. म्हणजे ते पुस्तक मुळात हिरवं होतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं! मग शेजारची पोथी बघितली. उघड्या पानावरचे लाल दंड (विरामाच्या उभ्या रेघा) विटलेले आणि त्याच्याच खालच्या पानावर लालभडक. पोटात गोळाच आला.

लक्समीटर म्हणून एक यंत्र मिळतं, एका जागी किती उजेड पडतो ते मोजणारं. ऑनलाइन अठराशे रुपयांना मागवलं, सुरुवातीला स्वतःच्याच खिशातून. (मोबाइलवर फुकट अ‍ॅप आहेत पण दोन फोनवर दोन वेगळे आकडे येत होते, त्यामुळे नादी लागू नका.) ट्यूबलाइटखाली कपाटात २८० लक्स आणि खिडकीजवळच्या कपाटात दुपारी ६०० च्या वर. हस्तलिखितांसाठी जगभर सर्वसाधारणपणे ५० लक्सची मर्यादा धरतात. नुसता उजेडाचा जोर बघून भागत नाही, तो किती तास पडला तेही बघायचं, म्हणजे लक्स गुणिले तास. ५० लक्स आणि रोज आठ तास म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. लगेच विटणाऱ्या रंगांसाठी वर्षाची मर्यादा सांगतात १५,००० लक्स-तास, म्हणजे ५० लक्समध्येही जेमतेम ३७ दिवस. मध्यम टिकाऊ गोष्टींसाठी १,५०,०००. आणि आमचं काय होतं? २८० गुणिले आठ गुणिले वर्षाचे साधारण ३०० दिवस, म्हणजे ६,७२,०००, तेही दरवर्षी, आणि खिडकीजवळचं तर विचारूच नका.

यात एक गोष्ट मला आधी कळली नव्हती आणि नंतर कळलं की बहुतेकांना कळलेली नसते. लोकांना वाटतं पोथी कपाटातून काढून आत ठेवली की तिला 'विश्रांती' मिळते आणि ती ताजीतवानी होऊन परत येते. तसं काही होत नाही. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. हे असं खातं आहे की त्यातून फक्त काढता येतं, भरता येत नाही. फिरवून मांडल्याने आपण नुकसान थांबवत नाही, कुठल्याही एका पानावर ते सगळं पडू देत नाही, एवढंच.

सप्टेंबरमध्ये कार्यकारी मंडळाच्या सभेत विषय ठेवला. आकडे फळ्यावर लिहिले, हिरव्या चौकोनाचा फोटो फिरवला. फोटोने जे काम केलं ते आकड्यांनी केलं नाही. तरी आक्षेप आलेच. खजिनदारांचा खर्चाचा. एका ज्येष्ठ सभासदांचा, "अहो, सारखं काढ-घाल केल्यानंच फाटेल की", आणि हा आक्षेप अजिबात चुकीचा नाही, हाताळणीत खरंच धोका असतो, म्हणून महिन्या-महिन्याला सगळं बदलणं हेही वेडेपणाच. तिसरे म्हणाले, संविधानाची मूळ प्रत संसदेत कायम मांडलेली आहेच ना, तिला काय होतंय? तर ती प्रत नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत आहे, त्या पेट्या अमेरिकेतल्या गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या मदतीने बनवल्यात आणि १९९४ पासून त्यात ठेवलीय. आमच्याकडे कपाटाचं कुलूपसुद्धा नीट लागत नव्हतं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' हे जुनं सचित्र हस्तलिखित आहे, १९५३ मध्ये ते चार खंडांत बांधलं गेलं, जगभरातून लोक तेवढ्यासाठी जातात, तरी तिथेही दाखवायची पानं बदलत राहतात, हेही सांगितलं.

ठराव झाला. यात एक व्यवहारी सल्ला: ठरावात "दर तीन महिन्यांनी बदलावे" असं लिहून घेऊ नका, एखादी फेरी लांबली की लेखापरीक्षणात कुणीतरी बोट ठेवतं. आम्ही लिहिलं, "ग्रंथपालांच्या प्रस्तावानुसार वर्षातून किमान तीन वेळा", आणि त्याच ठरावात कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे, कुठल्या दोघांच्या सह्या लागतील आणि किती रकमेपर्यंत खर्चाला पुन्हा मंजुरी नको, हेही घालून घेतलं. त्यामुळे पुढे दर वेळी सभेची वाट बघावी लागली नाही.

मग कागदपत्रं. वस्तू हलवायच्या म्हणजे कुठली वस्तू नक्की कुठली हे आधी जुळायला हवं. आमच्याकडे काही गोष्टी पुस्तकांच्या दाखलनोंद वहीत, काही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टेबल-खुर्च्यांच्या शेजारी "पोथी, नग १"), आणि काही कुठेच नाहीत. ते जुळवण्यात अख्खा ऑक्टोबर गेला. एक चित्रांची पोथी आहे, तिचं प्रमाणपत्र शोधण्यात वेगळा घाम गाळला. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यानुसार ७५ वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखितं पुरावस्तूत येतात आणि चित्रं असलेल्या हस्तलिखिताची खाजगी मालकाला किंवा संस्थेला नोंदणी करून घ्यावी लागते. आमची नोंदणी कुण्या जुन्या कार्यवाहांनी केलेली होती, कागद मिळाला तो वीजबिलांच्या फाइलमध्ये. तुमच्याकडे चित्रांची पोथी असेल तर हे आधी बघा.

त्याच शोधात एक देणगीपत्र सापडलं. ज्ञानेश्वरीची पोथी दिलेल्या कुटुंबाने त्यात लिहिलं होतं की पोथी "कायम दर्शनी ठेवावी". आता आली का पंचाईत! पोथी देणाऱ्यांचे नातू पुण्यात असतात, त्यांना फोन केला, त्यांना वाटलं आम्ही पोथी अडगळीत टाकतोय. दिवाळीनंतर ते स्वतः आले. मी पोथी उघडून वरचं पान आणि खालचं पान शेजारी-शेजारी दाखवलं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, आजोबांना हे दिसलं असतं तर त्यांनीच झाकून ठेवली असती." त्यांच्याकडून नवीन पत्र घेतलं: पोथी दालनात असेल पण पान बदलेल, वर्षातले काही महिने तिच्या जागी रंगीत छायाप्रत असेल, कुटुंबाच्या नावाची पाटी मात्र हलणार नाही. सगळ्या प्रकरणात लोकांना पाटीची काळजी पोथीपेक्षा जास्त असते, असं माझं निरीक्षण आहे, आणि त्यात काही वाईट नाही, पाटी ठेवा ना.

नोव्हेंबरमध्ये पुण्याहून एक कागद-संवर्धक बाई आल्या. मानधन सहा हजार आणि एसटीचं तिकीट. मी चहा होईपर्यंत त्या मांडीवर बोर्ड घेऊन एकेक पान बघायला बसल्यासुद्धा. त्या दिवशी जे शिकले ते कुठल्या कोर्सला मिळालं नसतं. मला वाटायचं जितकं जुनं तितकं नाजूक. उलटंच निघालं. आमच्या दोनशे वर्षांच्या पोथीचा कागद हातकागद आहे, चिंध्या-तागाचा, घोटून गुळगुळीत केलेला. जुन्नर, दौलताबादजवळचं कागजीपुरा अशा ठिकाणी असे कागद बनायचे. वर काजळाची शाई, जी उजेडाने विटत नाही. ती पोथी अजून ठणठणीत. आणि १९१० च्या आसपासची छापील पुस्तकं लाकडाच्या लगद्याच्या कागदावरची, त्यात आम्ल असतं, ती पिवळी पडून कोपऱ्यांचे तुकडे हातात येतात. म्हणजे खरी काळजी त्यांची करायची होती, आणि त्यांनाच आम्ही खिडकीजवळ ठेवलं होतं.

लाल दंडांचंही त्यांनीच सांगितलं. हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा लाल असता तर तो उजेडाने विटत नाही, काळवंडतो. विटला म्हणजे तो लाखेसारखा काहीतरी सेंद्रिय रंग असणार. चित्रांच्या पोथीत हिरवा रंग जंगालाचा, म्हणजे तांब्याचा, आणि जंगाल कागद खातो, काही पानांच्या पाठीमागे तपकिरी छाप उमटलेली दिसते. मधेमधे पिवळे पट्टे आहेत ते हरताळ, लिहिताना चुकलेलं झाकायला लावलेला. हरताळात आर्सेनिक असतं, म्हणून त्यावर बोट फिरवायचं नाही आणि नंतर हात धुवायचे. मी आधी कितीदा फिरवलं असेल कोण जाणे.

मग वर्गवारी केली. चित्रांची पोथी आणि रंगीत कापडी बांधण्या सगळ्यात नाजूक, वर्षाला १५,००० च्या आत. काळ्या शाईच्या पोथ्या आणि मोडी कागद त्यापेक्षा सोशिक, पण तरी पावसाळा सोडला तर तीन महिन्यांवर नाही. लगदा-कागदाची पुस्तकं उघडी ठेवायचीच नाहीत, बंद, आणि त्यांच्या आतल्या पानाचा फोटो शेजारी. पोथीचा एक मोठा फायदा लक्षात आला: तिची पानं सुटी असतात, त्यामुळे अख्खी पोथी न बदलता वरचं पान बदललं तरी काम होतं, खालची सगळी आपोआप अंधारात. बांधलेल्या पुस्तकाचं तसं नाही. पान बदललं तरी पुठ्ठा आणि शिवण तीच, ताण तिथेच. त्यात सगळ्यांना नामपृष्ठच बघायचं असतं. आमच्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे, त्यात अख्खा मराठी संसार भरलाय, पण वर्षानुवर्षं नामपृष्ठावरच उघडी.

नोंदी मी एक्सेलमध्ये करते. वस्तूचा दाखल क्रमांक, पान क्रमांक (हे महत्त्वाचं, नुसती वस्तू नाही), बाहेर काढल्याची तारीख, आत ठेवल्याची तारीख, मोजलेले लक्स, दिवसाचे तास, एकूण. आणि त्याची छापील प्रत सह्यांसाठी हालचाल नोंदवहीत चिकटवलेली, कारण लेखापरीक्षकांना एक्सेल दाखवून उपयोग नसतो.

नोव्हेंबर-डिसेंबर सगळा वाट बघण्यात गेला. आम्लरहित बोर्ड मुंबईहून मागवला, दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे लांबला. कपाटांत लाल मखमल होती, ती आधी काढली, रंग सोडते आणि ओल धरते. त्याजागी मांजरपाट, पण आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढून, कारण खळीवर कसर येते. सुताराने खाली दुहेरी तळ करून दिला, मधे सिलिका जेलच्या पिशव्या ठेवायला. प्लायवूड, फेव्हिकॉल आणि रंग यांचा वास जाईपर्यंत त्यात काही ठेवायचं नाही, असं संवर्धक बाईंनी बजावलेलं. "मॅडम, उद्या वाळतंय", सुतार. वास जायला पाच-सहा आठवडे लागले. अध्यक्षांना ६ जानेवारीला, दर्पण दिनाला, नवीन दालन उघडायचं होतं, त्यांना नाही म्हणणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम. रिकामी कपाटं उघडी ठेवून बसलेल्या मला येणारे-जाणारे विचारायचे, "चोरी झाली का हो?"

खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म आणि जाड पडदे, ट्यूब काढून डिमरचे पिवळसर एलईडी. मोजत-मोजत ५० वर आणलं. आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, काहीच दिसत नाहीये! डोळ्यांना सवय व्हायला काही मिनिटं लागतात. उन्हातून आलेला माणूस थेट आत शिरला की त्याला अंधारच वाटतो, म्हणून जिन्यातला उजेडही कमी केला आणि दाराशी एक बाक टाकलं. तिथे दालनाची माहिती लावली, लोक ती वाचेपर्यंत डोळे सरावतात.

२० जानेवारी २०२५, सोमवार, साप्ताहिक सुट्टी. आम्ही दोघं, मी आणि शिपाई मामा. मोठं टेबल, त्यावर स्वच्छ मांजरपाट. बांगड्या, अंगठ्या काढल्या, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले, क्रीम नाही. पांढरे हातमोजे घातले नाहीत, सिनेमात दिसतात ते, पण मोज्यात बोटाला कागद समजत नाही आणि पानाची कड अडकते, कोरडे स्वच्छ हात बरे. खोलीत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पंखा बंद. एक जण हातात वस्तू घेणार, दुसऱ्याने दार, काच, पाटी बघायची, आणि वस्तू हातात असताना बोलायचं नाही. प्रत्येक पानाचा आधी आणि नंतर फोटो, त्याच अंतरावरून.

पोथीचं पान थोड्या उतरत्या बोर्डवर, दोन्ही कडांना पारदर्शक पॉलिएस्टर पट्ट्या, त्या पट्ट्या बोर्डला मागून चिकटवायच्या, पानाला काहीच चिकटत नाही. पुस्तकासाठी बोर्ड दुमडून पाळणा केला, पुस्तक स्वतःहून जितकं उघडतं तितकंच. मोल्सवर्थ नामपृष्ठाऐवजी मधल्या पानावर उघडला. मोडी रुमालातला एक कर्जरोखा मांडला, तोवर तो कधी बाहेरच आला नव्हता. एकेक कपाटाला माझ्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागला, संध्याकाळ झाली. घाई होणार असेल तर दोन सोमवार धरा.

पाट्यांवर आधी "प्राचीन हस्तलिखित" एवढंच होतं. आता मोडीतल्या दोन ओळी बाळबोधमध्ये, मोठ्या अक्षरात, आणि खाली "हे पान २१ एप्रिलपर्यंत". ही शेवटची ओळ मला ऐनवेळी सुचली आणि तिचा फायदा सगळ्यात जास्त झाला. लोक विचारायला लागले, पुढचं काय लागणार? शाळेचे सर तर तारीख लिहून घेऊन गेले.

तक्रारीही आल्या. अंधार का केलाय, ही रोजची. जवळच्या वाडीतल्या एक आजी एकादशीला येऊन ज्ञानेश्वरीला हात जोडून जातात, त्या आल्या आणि पान वेगळं बघून मला म्हणाल्या, "बाय, माउली बदलली व्हय गं?" पोथी तीच आहे, पान बदललंय सांगितलं. "मग वाच की काय लिवलंय ह्यात." मी अडखळत पहिली ओवी वाचली, पुढच्या त्यांनीच म्हटल्या. नंतर म्हणाल्या, पाटीवरची अक्षरं आणखी मोठी कर. केली.

चित्रांची पोथी पाच आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला आत घेतली. सोमवार वगळता ३० दिवस, १२,००० लक्स-तास, मर्यादेत. जागेवर छायाप्रत लावली आणि तसं स्पष्ट लिहिलं. खरं सांगायचं तर छायाप्रतीसमोर लोक जास्त वेळ थांबतात, ती जास्त उजेडात आहे ना.

२१ एप्रिलची दुसरी फेरी दुपारच्या जेवणाच्या आत उरकली. पाळणे तयार, यादी तयार, मामांना आता माझ्याआधी कळतं कुठली पट्टी कुठे. बाहेर आलेल्या प्रत्येक पानाची फोटोशी तुलना केली, नवीन काही झालेलं नाही.

एकूण खर्च अडतीस हजारांच्या आसपास गेला, त्यातले निम्म्याहून जास्त सुतारकाम, पडदे आणि दिवे. दुसऱ्या फेरीला नऊशे रुपये, तेही पाट्या छापायला.

आता तिसरी फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत कपाटं उघडायची नाहीत. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीची भीती, आणि आमच्याकडे जुलैत ती सहज ८० च्या पुढे जाते. म्हणून पावसाळ्यात फक्त सोशिक गोष्टी बाहेर, प्रत्येक कपाटात पाचशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, आणि सिलिका जेल दुहेरी तळाला मागून वेगळं दार आहे तिथून बदलायचं. जेलचे दाणे केशरीवरून हिरवट झाले की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, आम्ही एक जुना मिळवलाय. अध्यक्षांनी परवाच विचारलं, वार्षिक सभेच्या पाहुण्यांसाठी एक दिवस चित्रांची पोथी काढता येईल का. एक्सेल उघडून दाखवलं, या वर्षाचे तीन हजार लक्स-तास शिल्लक आहेत. एक दिवस बसतो त्यात, म्हणून हो म्हटलं.